कपाशीवरचा मावा फवारूनही पंधरा दिवसांत परत येतो? पंप भरण्याआधी पान उलटून बघा

जालना, परभणी, बीड, कुठेही जा, पोळ्याच्या आसपास कपाशीवाल्यांची एक तक्रार हमखास कानावर येते. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला म्हणून औषध मारलं, चार-सहा दिवस शेत स्वच्छ दिसलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त मावा. मग दुकानातून आणखी जहाल औषध येतं, त्यात दुसरं मिसळलं जातं, आणि दसऱ्याला वेचणी सुरू होते तेव्हाही पानांवर चिकटा (माव्याच्या अंगातून निघणारा गोड, चिकट द्रव) तसाच असतो. खर्च गेला, मावा राहिला.

औषध बनावट होतं, फवारणी नीट झाली नाही, हवामान ढगाळ होतं, अशी कारणं सांगितली जातात. कधी कधी ती खरीही असतात. पण वारंवार परत येणाऱ्या माव्यामागे मला बहुतेक शेतांत एकच गोष्ट दिसते. पहिल्याच फवाऱ्यात माव्याला खाणारे किडे मेलेले असतात, आणि त्यानंतर माव्याला आडवणारं शेतात कोणी उरलेलं नसतं.

मावा इतक्या लवकर का भरून निघतो

कपाशीवरच्या माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिलांना जन्म देतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंडी घालण्याची भानगडच नसते. शिवाय जन्माला येणाऱ्या पिलाच्या पोटात पुढचं पिलू आधीच वाढायला लागलेलं असतं. त्यामुळे साधारण आठवड्याभरात नवी पिढी उभी राहते. फवारणीत शंभरातले पंच्याण्णव मेले तरी पानाच्या मागे, शेंड्याच्या मुडपलेल्या पानात राहिलेले पाच पुरेसे होतात. झाडावर दाटी झाली की पंखाचे मावे तयार होतात आणि वाऱ्यावर शेजारच्या शेतात जातात, म्हणजे बांधापलीकडूनही भर पडत राहते.

त्याला खाणाऱ्या ढालकिड्याला (लेडीबर्ड भुंगेऱ्याला) अंड्यापासून भुंगेरा होईपर्यंत दोन ते तीन आठवडे लागतात. एकाच फवाऱ्यात दोघेही मेले तर मावा आठवड्यात सावरतो, ढालकिडा तीन आठवड्यांनी. मधल्या काळात माव्याला मोकळं रान मिळतं. पंधरा दिवसांनी दिसणारा उद्रेक तो हाच. त्यावर पुन्हा तेच औषध मारलं की नुकतेच बाहेरून येऊन बसलेले ढालकिडेही जातात आणि चक्र पहिल्यापासून सुरू होतं.

आधी खात्री करा, हा मावाच आहे का

पानं आकसली म्हणजे मावा, असं धरून चालू नका. माव्याने पान मुरडतं, खालच्या बाजूला पिवळसर हिरवे किंवा काळपट बारीक किडे गर्दीने बसलेले दिसतात, आणि वरच्या पानावर हात फिरवला तर चिकट लागतं. त्या चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते. तुडतुड्यांनी पानाच्या कडा पिवळ्या, मग लालसर होतात आणि खाली वळतात. पान हलवलं की तुडतुडे तिरके पळतात. फुलकिड्यांनी पानाचा मागचा भाग चंदेरी चट्ट्यांचा होतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण खाली ज्या मित्रकिडींबद्दल (पिकाच्या किडींना खाणाऱ्या किड्यांबद्दल) लिहिलंय त्यातल्या बऱ्याच माव्यावर तुटून पडतात, पण चपळ तुडतुड्यांपुढे त्यांचा फारसा इलाज चालत नाही. तुमच्याकडे मुख्य त्रास तुडतुड्यांचा असेल तर निर्णय वेगळा घ्यावा लागेल.

आणखी एक. पानावर पांढरे कागदासारखे बारीक तुकडे दिसले की बरेच जण पिठ्या ढेकूण (पीठ लागल्यासारखी पांढरी कीड) किंवा बुरशी समजतात. त्या माव्याने टाकलेल्या काती असतात.

पानामागे कोण कोण बसलेलं असतं

सकाळी ऊन चढायच्या आत शेतात जा. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग सोबत असलं तर उत्तम. मावा असलेलं पान हळूच उलटा आणि घाई न करता बघत राहा.

सगळ्यात ओळखीचा ढालकिडा. नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला भुंगेरा आपल्या कपाशीत जास्त दिसतो, सात काळे ठिपके असलेलाही असतो. भुंगेरा बहुतेकांना ओळखता येतो, पण त्याची अळी मात्र शत्रू समजून चिरडली जाते. ती काळपट असते, अंगावर पिवळे-नारिंगी ठिपके, सहा पाय, मागे निमुळती, एखाद्या छोट्या मगरीसारखी. माव्याचा खरा फडशा तीच पाडते. अळीच्या अवस्थेतच शेकडो मावे खाते. पानामागे उभी मांडलेली पिवळी लांबट अंडी पुंजक्यात दिसली तर ती ढालकिड्याचीच. ढालकिड्यांतल्या एका लहान जातीच्या अळीवर पांढरा मेणचट कापूस असतो, आणि ती पिठ्या ढेकणासारखी दिसते म्हणून मारली जाते. ओळखायची खूण सोपी आहे: काडीने डिवचली तर ती झपाट्याने चालू लागते, पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. वांग्याची पानं खरवडून जाळी करणारा भुंगेराही ढालकिड्यासारखाच दिसतो, पण तो वांग्याचा शत्रू. कपाशीवर माव्यात फिरणारा ढालकिडा तुमचाच.

क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याची अंडी एकदा पाहिली की विसरत नाहीत. केसाएवढ्या बारीक दांडीवर एकेक हिरवट अंडं पानापासून अधांतरी उभं असतं. दांडीमुळे मुंग्यांपासून आणि आधी फुटलेल्या भावंडांपासून अंडं वाचतं, कारण ही अळी भूक लागली तर भावंडालाही सोडत नाही. मोठा क्रायसोपा फिकट हिरवा, पंख जाळीदार, डोळे सोनेरी. तो संध्याकाळी दिव्याकडे येतो आणि बहुतेक मध, पराग आणि चिकट्यावरच जगतो. शिकार करते ती अळी. राखट तपकिरी, तोंडापुढे विळ्यासारखे वळलेले दोन जबडे. मावा सापडला की दोन्ही बाजूंनी जबडे रोवते आणि त्या पोकळ जबड्यांतून त्याचं अंग शोषून घेते. पानावर माव्याची नुसती चिपाडं पडलेली दिसली की समजा, ही इथून गेली आहे.

फुलांवर एका जागी तरंगत राहणारी, पोटावर पिवळे-काळे पट्टे असलेली माशी पाहिली असेल. गांधीलमाशी समजून लोक तिला हाकलतात, पण ती सिरफिड माशी आहे, चावत नाही. ती माव्याच्या घोळक्यात एकेक पांढरं अंडं घालते. त्यातून निघणारी अळी बिनपायाची, हिरवट-पांढुरकी, पुढे निमुळती. हीच कपाशीवाल्यांच्या नजरेला सगळ्यात जास्त चकवते, कारण अळी दिसली की बोंडअळीची भीती मनात येते. बोंडअळीला पाय आणि ठळक डोकं असतं, हिला दोन्ही नाही. भिंगाखाली बघा: ती आंधळेपणाने डोकं इकडेतिकडे फिरवते, मावा लागला की तोंडाने धरून पानावरून वर उचलते आणि तसाच हवेत धरून शोषते, मग रिकामं कातडं टाकून पुढच्याकडे वळते. हे पाहिलेला शेतकरी पुन्हा अशी अळी चिरडत नाही.

आणि शेवटची, डोळ्याला जवळपास न दिसणारी, मुंगीपेक्षाही बारीक परोपजीवी गांधीलमाशी. मादी पोटाचं टोक पायांमधून पुढे वळवते आणि माव्याला टोचून त्याच्या अंगात अंडं घालते. आतली अळी माव्याला पोखरते. मावा फुगतो, गोल होतो, गव्हाळ रंगाचा होतो आणि पानाला चिकटून बसतो. काही जातींमुळे तो काळा पडतो. नवी माशी पाठीला गोल भोक पाडून बाहेर येते. असे फुगलेले मावे म्हणजे मेलेले मावे. पण लांबून बघणाऱ्याला ते मावाच वाटतात, "औषध मारूनही मावा हलत नाही" अशी तक्रार होते आणि पुन्हा पंप भरला जातो. त्या फवाऱ्यात बाहेर पडायच्या तयारीतल्या सगळ्या माश्या जातात. बोटाने दाबून बघा: जिवंत मावा मऊ असतो, हिरवट रस निघतो, हा कोरडा, टणक लागतो.

कोळी कीटक नव्हेत, पण तेही मोजणीत धरा. जाळ्यात पंखाचे मावे अडकतात.

मोजल्याशिवाय फवारू नका

एकरात वेगवेगळ्या ठिकाणची वीस झाडं निवडा. फक्त बांधाकडची नको, आतलीही घ्या. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं उलटून बघा. सरासरी पानामागे 10 मावे ही आर्थिक नुकसानीची पातळी धरली जाते. त्याखाली असेल तर फवारणीचा पैसा वाया.

पण फक्त मावा मोजून भागत नाही. त्याच पानांवर ढालकिड्याच्या अळ्या, क्रायसोपाची दांडीवरची अंडी, सिरफिडच्या अळ्या आणि फुगलेले मावे किती, हेही वहीत लिहा. फुगलेले मावे जिवंतांच्या मोजणीत धरू नका. पातळी थोडीशी ओलांडली असेल पण पानागणिक खाणारं कुणीतरी दिसत असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: तीन-चार दिवस थांबा आणि पुन्हा मोजा. आकडा घसरत असेल तर काम सुरू झालेलं आहे. जोराच्या सरीनेही मावा बराच झडतो, म्हणून पावसाचा अंदाज असेल तेव्हा तर नक्की थांबा.

मावा आहे आणि खाणारं कुणीच नाही, असं निघालं तर खोडाकडे बघा. मुंग्यांची रांग वर जात असेल तर तेही एक कारण असू शकतं. मुंग्यांना माव्याचा गोड चिकटा हवा असतो, त्याच्या बदल्यात त्या माव्याची राखण करतात, ढालकिड्याच्या अळ्यांना हुसकावतात. कोळपणी (ओळींमधली माती वरवर उकरणं) वेळेवर झाली की ओळींमधली मुंग्यांची वारुळं मोडतात आणि खाणाऱ्यांना वाट मिळते.

मित्रकिडी कशाने मरतात

बीटी कपाशीमुळे मरत नाहीत, हे आधी सांगतो. बीटी वाण आपल्याकडे 2002 पासून आहेत. त्यातलं प्रथिन बोंडअळ्यांसाठी आहे. माव्यावर त्याचा परिणाम नाही, म्हणूनच बीटी असूनही मावा येतो.

खरं नुकसान होतं ते घाईच्या फवारण्यांनी. बहुतेक बियाण्याला इमिडाक्लोप्रीडची प्रक्रिया करूनच पाकीट येतं. त्यामुळे पहिला महिना, सव्वा महिना रसशोषक किडींपासून रोपाला संरक्षण असतं. तरीही पंचवीस दिवसांच्या कपाशीवर "सुरुवातीलाच एक हात मारून घेऊ" म्हणून फवारा घेतला जातो. शेतात मित्रकिडी वसायला लागतात त्याच काळात हा फवारा पडतो. हा एक फवारा टाळला तरी हंगामाचं चित्र बदलतं.

दुसरी गोष्ट औषधांच्या निवडीची. सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन अशी पायरेथ्रॉइड गटातली औषधं पानावरच्या जवळपास सगळ्या किड्यांना मारतात, मित्र-शत्रू बघत नाहीत. ॲसिफेट, प्रोफेनोफॉसचंही तेच. ही औषधं बोंडं भरायच्या आधी कपाशीवर यायलाच नकोत. इमिडाक्लोप्रीड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रीड ही नावं वेगळी असली तरी गट एकच आहे. बियाण्याला तेच, पहिल्या फवाऱ्याला तेच, दुसऱ्याला त्याचाच भाऊ, असं झालं की माव्यात प्रतिकारशक्ती वाढते आणि औषध निकामी ठरतं.

तिसरी, दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळण्याची सवय. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विसरून चालणार नाही. मावा मारण्यासाठी माणसाने जीव धोक्यात घालायचं काही कारण नाही.

युरियाचाही यात वाटा आहे. पाऊस उघडला की एकदम जास्त युरिया टाकला जातो, झाड गर्द हिरवं, कोवळं, रसरशीत होतं आणि मावा तिथेच बसतो. नत्र विभागून, शिफारशीएवढंच द्या.

फवारायची वेळ आलीच तर

मावा सुरुवातीला साऱ्या शेतात नसतो, पट्ट्या-पट्ट्याने असतो. तेवढ्याच पट्ट्यात फवारा आणि बाकी शेत सोडा. सोडलेल्या भागातले ढालकिडे फवारलेल्या भागात परत येतात. अख्खं शेत एकाच दिवशी धुऊन काढलं तर ते येणार कुठून?

पहिल्यांदा 5 टक्के निंबोळी अर्क. 5 किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, थोडी साबणाची पूड घाला आणि पाणी मिसळून 100 लिटर करा. निंबोळ्या मे-जूनमध्येच गोळा करून ठेवाव्या लागतात, ऐन हंगामात शोधून मिळत नाहीत. हवेत ओलावा असेल तेव्हा व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशी चांगली चालते. साधारण 50 ग्रॅम 10 लिटर पाण्यात, संध्याकाळी, पानाच्या मागे पोचेल असं फवारायचं. कोरड्या, उन्हाच्या दिवसांत तिच्यावर पैसे घालू नका, आणि बुरशीनाशकासोबत ती कधीच मिसळू नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जैविक निविष्ठा (अशा बुरशीसारखी जिवंत औषधं) मिळतात, कृषी विज्ञान केंद्रातही विचारून बघा. विकत घेताना तारीख बघा, कारण पुडीतली बुरशी जिवंत असली तरच उपयोग.

यानेही आटोक्यात येत नसेल आणि मोजणी पातळीच्या बरीच वर असेल तर फ्लोनिकॅमिड 50 टक्के एकरी 60 ग्रॅम. हे औषध मुख्यतः रस शोषणाऱ्या किडींचं खाणं बंद पाडतं आणि ढालकिड्यांना पायरेथ्रॉइडइतका त्रास देत नाही. मावा लगेच गळून पडताना दिसत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी निराश होऊन दुसरं औषध मारू नका.

क्रायसोपाची अंडी प्रयोगशाळेतून विकत आणून सोडता येतात, हेक्टरी 10 हजार अशी शिफारस आहे. आणली की त्याच दिवशी संध्याकाळी शेतात पसरवा. डबीत ठेवली आणि फुटली तर अळ्या एकमेकींना खाऊन टाकतात. फवारणीनंतर लगेच सोडण्यातही अर्थ नाही. ट्रायकोकार्डबद्दल (बारीक परोपजीवी गांधीलमाश्या ज्यातून निघतात त्या कार्डाबद्दल) बरेच जण विचारतात. ते बोंडअळीच्या अंड्यांसाठी असतं. इथला मावा अंडीच घालत नाही, तेव्हा त्यासाठी ट्रायकोकार्ड लावून काही होणार नाही. पिवळे चिकट सापळे मोजके लावा. पंखाचा मावा कधी आला हे त्यावर कळतं, पण फार लावले तर ढालकिडे आणि सिरफिड माश्याही त्यावर चिकटतात.

पुढच्या हंगामासाठी

कपाशीच्या कडेने आणि अधूनमधून चवळीची ओळ घ्या. या पिकावर काळा मावा लवकर येतो. तो चवळीचा आणि इतर शेंगवर्गीय पिकांचा मावा आहे, कपाशीला त्याचा उपद्रव होत नाही. पण त्याच्यावर ढालकिडे वाढतात आणि कपाशीवर मावा यायच्या वेळी तयार असतात. चवळीवर मावा दिसला म्हणून तिथे औषध मारू नका, ती ओळ त्यासाठीच आहे. बांधावर मका, ज्वारी, थोडा झेंडू असू द्या. सिरफिड माशीला आणि क्रायसोपाला पराग आणि मध तिथून मिळतो. कपाशीत तूर, मूग, उडीद घ्यायची आपली जुनी पद्धतही याच कामाची आहे. बांध तणनाशकाने साफ उघडा करून टाकला की फुलं जातात आणि सोबत हेही जातात.

ऑक्टोबरनंतर गुलाबी बोंडअळीसाठी फवारण्या वाढतात. त्यात पायरेथ्रॉइड आलं की थंडीत मावा आणि पांढरी माशी पुन्हा उसळतात, आणि तेव्हा बोंडं फुटलेली असतात. चिकटा थेट कापसावर पडतो, रुई चिकट होते, व्यापारी भाव पाडतो. म्हणून बोंडअळीचं औषधही कामगंध सापळे (नर पतंगांना गंधाने ओढणारे सापळे) बघून आणि हिरवी बोंडं फोडून, गरज पटली तरच घ्या.

डिसेंबरनंतर फरदड (वेचणी झाल्यावरही पुढच्या कापसासाठी राखलेली कपाशी) ठेवू नका. ती बोंडअळीची सोय आहे. पराटी (वेचून झालेली कपाशीची झाडं) उपटली तर ढालकिड्यांचं काय, असं कुणी विचारेल. ते शेजारच्या करडईवर आणि रब्बी ज्वारीवर जातात, तिथे त्यांना त्या पिकांचा मावा मिळतो. तेव्हा करडईवरही सुरुवातीला बांधाकडचे पट्टे तेवढे फवारा आणि आतल्या भागातल्या अळ्या राहू द्या.